थ्रेड नियोजन, बहुप्रोसेसर संगणकावरील

एकाहून अधिक प्रोसेसर किंवा कोअर (एका प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असलेल्या संगणकात कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर आणि किती वेळ चालेल, हे ठरवण्याचे ऑपरेटिंग सिस्टीमचे काम. ते करणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधील सूचनांचा एक स्वतंत्र ओघ. एकाच प्रोग्रॅमचे अनेक थ्रेड एकच मेमरी वापरत चालतात. प्रोसेसर एकच असेल तर ‘आता कोण?’ एवढाच प्रश्न असतो. अनेक असले की ‘कुठे?’ हेही ठरवावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावच्या आपले सरकार सेवा केंद्रातला चार कोअरचा संगणक घेऊ. टास्क मॅनेजर उघडला तर हजारावर थ्रेड दिसतात. चार कोअरना ते झेपतात, कारण बहुतेक झोपलेले असतात: कुणी कीबोर्डची, कुणी डिस्कची, कुणी नेटवरून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत. पीक विम्याचा अर्ज भरताना पानावरचे चक्र फिरतच राहते, तेव्हा ब्राउझरचा थ्रेड सहसा सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. तो कोअरच्या रांगेत नसतोच, म्हणून प्रोसेसरचा (सीपीयूचा) वापर अगदी कमी दिसतो. इथे जास्त कोअरचा महाग संगणक आणून अर्ज लवकर जाणार नाही. केंद्रचालकाने खरेदीआधी हे पाहायलाच हवे.

चालायला तयार असलेले थ्रेड रांगेत लागतात. सगळ्या कोअरना मिळून एकच रांग ठेवली तर वाटप सोपे. पण रांगेला हात लावण्याआधी प्रत्येक कोअरला तिचे कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी, मिळवावे लागते, आणि कोअर वाढले की तिथेच खोळंबा होतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २.४ आवृत्तीत अशी सामायिक रांग होती. २.६ आवृत्तीत (२००३) प्रोग्रॅमर इंगो मोल्नार यांच्या शेड्युलरने प्रत्येक कोअरला स्वतःची रांग दिली. मग कापूस खरेदी केंद्रावर होते तसे होऊ लागते: एका काट्यासमोर बंड्या आणि ट्रॅक्टर तुंबलेले, शेजारचा काटा मोकळा. म्हणून रिकामा झालेला कोअर शेजारच्या रांगेतून थ्रेड ओढून घेतो, शिवाय शेड्युलरही अधूनमधून भार सारखा करतो.

ही हलवाहलव फुकट होत नाही. कोअरला चिकटून असलेल्या लहान, वेगवान कॅश मेमरीतून माहिती चार-पाच क्लॉकमध्ये (प्रोसेसरच्या ठोक्यांमध्ये) मिळते. मुख्य मेमरीतून आणायला शंभराच्या वर क्लॉक जाऊ शकतात. थ्रेड दुसरीकडे गेला की त्याने जमवलेली कॅश मागेच राहते. त्यामुळे शेड्युलर थ्रेडला शक्यतो जुन्याच कोअरवर ठेवतो, हलवायचाच झाला तर आधी कॅश वाटून घेणाऱ्या शेजाऱ्याकडे, आणि अगदी गरज पडली तरच वेगळी मेमरी असलेल्या दुसऱ्या प्रोसेसरकडे. हा तोल साधणे किती नाजूक आहे ते २०१६ मध्ये दिसले: मोठ्या लिनक्स सर्व्हरवर थ्रेड ताटकळत असतानाही काही कोअर रिकामे राहतात, असे संशोधकांनी दाखवले.

कोअरवर पाळी कुणाची, याचे नियम निराळे. लिनक्सने २००७ पासून, आजवर सर्वांत कमी वेळ मिळालेल्या थ्रेडला आधी घेणारी पद्धत वापरली. २०२३ च्या ६.६ आवृत्तीत तिच्या जागी मुदतीचाही विचार करणारी पद्धत आली. विंडोजमध्ये ० ते ३१ अशा प्राधान्य पायऱ्या आहेत.

सर्वोत्तम वाटप शोधून काढणे गणिताच्या दृष्टीने फार अवघड आहे. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये दाखवले की, कामे एकमेकांवर अवलंबून असतील तर प्रोसेसर वाढवूनही एकूण वेळ वाढू शकतो. त्याच लेखात त्यांनी दिलासाही दिला: प्रोसेसर मोकळा झाला की तयार असलेले पुढचे काम त्याला द्यायचे, या साध्या रीतीने लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या दुपटीपलीकडे जात नाही. शेड्युलरला दर काही मिलिसेकंदांनी निर्णय घ्यायचा असल्याने त्याला अशा साध्या रीतीच परवडतात.

मोबाइलमध्ये सगळे कोअर सारखे नसतात. प्रोसेसरची रचना करणाऱ्या एआरएम कंपनीने २०११ मध्ये जाहीर केलेल्या रचनेपासून मोठे वेगवान आणि लहान काटकसरी कोअर एकत्र येऊ लागले, कमी वीज कुठे लागेल याचा हिशेब लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत २०१९ मध्ये (५.०) आला. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात बांधावर उभे राहून ई-पीक पाहणीसारख्या ॲपवर पिकाचा फोटो घेताना फोन तापतो, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. मोठ्या कोअरची ताकद तेवढ्यापुरती घटते. नव्या लिनक्समधला शेड्युलर ही घट लक्षात घेऊन जड थ्रेड कुठे ठेवायचा ते ठरवतो.