शोकांत शेवट कुणी ठरवले?

कादंबरीतलं समलैंगिक पात्र शेवटी जीव देतं, वेडं होतं, नाहीतर 'सुधारून' लग्न करतं. हे इतक्यांदा लिहिलं गेलं की, असा शेवट त्या पात्राच्या स्वभावातूनच येतो असं वाटावं. पण विसाव्या शतकात बराच काळ तो कायद्याच्या आणि जप्तीच्या धाकाने लिहिला जात होता.

१९२८ साली लंडनच्या न्यायालयाने रॅडक्लिफ हॉल यांची 'द वेल ऑफ लोनलिनेस' ही कादंबरी अश्लील ठरवली. त्यात उघडं वर्णन जवळपास नाहीच. अशा स्त्रियांना लेखिका कुठेही दोष देत नाही, हे न्यायाधीशांना खटकलं.

ई. एम. फॉर्स्टर यांची 'मॉरिस' तोवर लिहून तयार होती. १९१४ मध्येच तिचा पहिला खर्डा पुरा झाला होता, पण तिच्यातले दोन पुरुष शेवटी एकमेकांसोबत सुखाने राहतात. फासाला लटकलेला तरुण दाखवला असता तर काहीच अडलं नसतं, असं त्यांनी १९६० च्या टिपणात लिहून ठेवलं. सुखान्ताबाबत मात्र ते हटले नाहीत. कादंबरी छापली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ साली. सत्तावन्न वर्षं एक हस्तलिखित फक्त शेवट आनंदाचा म्हणून दडवून ठेवावं लागतं, याचा आजही संताप येतो.

अमेरिकेत हे काम टपाल खात्याच्या भीतीने केलं. १९५२ मध्ये मॅरिजेन मीकर यांनी टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' लिहिली, तेव्हा संपादकाने बजावलं की, पुस्तकं टपालाने जातात, सुखान्त ठेवलास तर ती जप्त होतील. मग एका नायिकेला वेड लागलं आणि दुसरीला साक्षात्कार झाला की आपलं तिच्यावर कधी प्रेम नव्हतंच. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी, टोपणनावानेच, 'द प्राइस ऑफ सॉल्ट'चा शेवट आशेवर केला. आपल्यासारखी माणसं पुस्तकात जिवंत राहिली म्हणून आभार मानणारी पत्रं त्यांना कित्येक वर्षं येत राहिली.

वांशिक अल्पसंख्याकांची गत वेगळी होती. अमेरिकन समीक्षक स्टर्लिंग ब्राऊन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की, गोऱ्या लेखकांची कृष्णवर्णीय पात्रं सात ठरावीक साच्यांतून निघतात. मुलांच्या पुस्तकांत तर ती पात्रं जवळपास नव्हतीच. अमेरिकेतली १९६२ ते ६४ मधली मुलांची ५,२०६ पुस्तकं शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तपासली, तेव्हा जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र सापडलं.

पुढे प्रश्न आला तो लिहिणारा कोण, हा. २०१५ मध्ये लेखिका कोरिन डायव्हिस यांनी 'ओन व्हॉइसेस' हा हॅशटॅग सुचवला: ज्या गटाचं पात्र, त्याच गटाचा लेखक. हेतू वाचकांना चांगली पुस्तकं सापडावीत एवढाच होता. पण प्रकाशकांनी त्याचं जाहिरातीचं लेबल केलं आणि लेखकांवर स्वतःची ओळख जाहीर करण्याचा दबाव येऊ लागला. ज्यांनी ती घरीही सांगितली नव्हती, त्यांच्यासाठी हे धोक्याचं होतं. २०२१ मध्ये मुलांच्या पुस्तकांत विविधता यावी म्हणून काम करणाऱ्या 'वी नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेने हे लेबल वापरणं थांबवलं.