टायरवरचं ‘एम+एस’ आणि टायरवरचा डोंगर

मराठीत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि फ्रीजरमध्ये गोठतो तोही बर्फच. एरवी त्याने काही अडत नाही. पण डिसेंबरात ग्वाल्हेरहून गाडी काढून मनालीची वाट धरणाऱ्याचं अडतं, कारण टायरच्या लेखी हे दोन पूर्ण वेगळे रस्ते आहेत. म्हणून इथे भुसभुशीत बर्फाला हिम म्हणू आणि गोठलेल्या पाण्याच्या कडक थराला बर्फ.

आता गाडीशेजारी उकिडवे बसा आणि मोबाइलचा टॉर्च टायरच्या बाजूच्या भिंतीवर धरा. आकाराच्या आकड्यांच्या आसपास ‘एम+एस’ सापडतं का ते पाहा. मधे अधिकचं चिन्ह नसून आडवी रेघ असेल किंवा दोन अक्षरं नुसती जोडून असतील, तरी अर्थ तोच: मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम. आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींच्या टायरवर ही अक्षरं असतात, आणि ती दिसली की ‘आपले टायर बर्फाचे आहेत’ असं गृहीत धरलं जातं. दुसरी खूण चित्राची आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात सहा पाकळ्यांचा हिमकण. ही आपल्याकडे क्वचितच दिसते.

दोन्ही खुणा हिमाचं नाव घेतात, पण ‘एम+एस’ हे कंपनीने स्वतःच सांगितलेलं असतं. नक्षीच्या खाचा पुरेशा रुंद आणि कडेपर्यंत मोकळ्या असल्या की ती अक्षरं उमटवता येतात. त्यासाठी हिमावर चाचणी द्यावी लागत नाही, रबर कोणतं वापरलं हेही कोणी विचारत नाही. डोंगराची खूण मात्र चाचणीनंतरच मिळते. ती १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या टायर उद्योगाने आणली. दाबून घट्ट केलेल्या हिमावर ठरावीक नमुना टायरच्या तुलनेत किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते.

फरक नक्षीपेक्षा रबरात जास्त आहे. साधं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठरायला लागतं. जानेवारीत ग्वाल्हेरच्या पहाटेही पारा त्याखाली जातो, पण रस्ता कोरडा असल्यामुळे ते जाणवत नाही. उणे ५ अंशांत तेच रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही, वरून घसरतं. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त असतं, त्यामुळे ते थंडीतही लवचिक राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसाएवढ्या नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, हिम धरून ठेवतात आणि खाली दाबतात. हिमाचा गोळा वळताना हिम हिमाला चिकटतं, तसंच हे आहे. म्हणून हिवाळी टायरच्या खाचांत भरलेलं हिम पकडीला मदतच करतं. ‘एम+एस’च्या मोठ्या ठोकळ्यांना बहुधा या चिरा कमी असतात. चिखल उडवायला ते उत्तम, पण हिमावर चढताना चाक जागच्या जागी फिरू शकतं.

काही ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या रस्त्यांसाठीच्या टायरवर दोन्ही खुणा असतात. पर्याय असेल तर तेच घ्यावेत. निव्वळ हिवाळी टायर ग्वाल्हेरसाठी मात्र घेऊ नयेत. मेमध्ये इथला रस्ता तापला की ते मऊ रबर झपाट्याने झिजतं आणि ब्रेक लागायचं अंतरही वाढतं.

मुलं जर्मनीत किंवा कॅनडात असतील तर हा भेद कायद्याचाच आहे. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम+एस’ हिवाळी टायर म्हणून चालत नाही, डोंगराची खूण लागते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिकडे जुनी गाडी घेताना चारही टायरवर खूण आहे का ते बघायला सांगा. पुढे दोनच हिवाळी टायर लावले तर वळणावर मागची बाजू आधी निसटते आणि गाडी गोल फिरते.

खूण कोणतीही असो, टायर झिजलेला असेल तर तिचा उपयोग नाही. कायद्याने खाचेची खोली १.६ मिलिमीटर पुरते, पण हिमात ४ च्या खाली जाऊ नये. वयही बघा: भिंतीवरच्या चार आकड्यांत ३५२३ लिहिलं असेल तर टायर २०२३ च्या ३५ व्या आठवड्यातला आहे.

हवेच्या बाबतीत घोटाळा हमखास होतो. ग्वाल्हेरला २५ अंशांत ३३ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये उणे ५ अंशांत थंडीने सुमारे ५ पीएसआय कमी होतात. पण मनाली सुमारे २,००० मीटर उंच आहे, बाहेरची हवा विरळ, म्हणून गेज जवळजवळ ३ जास्त दाखवतं. हिशेब ३१ च्या आसपास येतो. तिथे सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. वाळूत करतात तशी हवा कमी करून हिमात चालवू नये. मैदानात उतरल्यावर पुन्हा मोजा.

आणि बर्फ? पहाटे सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो काचेसारखा गोठलेला असतो. तिथे ‘एम+एस’ काही करत नाही आणि डोंगराची खूणही भरवशाची नाही, कारण तिची चाचणी हिमावरची आहे. फोर-बाय-फोर गाडी निघताना चारही चाकं ओढते, पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारच चाकांवर असतात, त्यामुळे थांबताना तिला काही जास्तीचं मिळत नाही. इथे चाकांवर चढवायच्या साखळ्याच लागतात.

साखळी टायरच्या नेमक्या आकाराची हवी. आधी गाडीचं मॅन्युअल वाचा, कारण काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनमध्ये जागाच इतकी कमी असते की साखळी घासते. साखळी ओढणाऱ्या चाकांना लावायची. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. ग्वाल्हेरला अंगणातच एकदा लावून पाहा, वर डोंगरात थंडीने बोटं बधिर झाल्यावर साखळीचा हूक सापडत नाही. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा, कारण पहिल्या फेऱ्यांत ती सैल होतेच. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवा. डांबर उघडं लागलं की लगेच काढा, नाहीतर कड्या तुटून मडगार्डवर आदळतात. परतल्यावर धुऊन, कोरड्या करून, तेलाचा हात फिरवून पिशवीत ठेवा, म्हणजे पुढच्या डिसेंबरात कड्या गंजून अडकलेल्या निघणार नाहीत.