गावानं नेलं तेच वाण: माणूस गटामागे का जातो?

मे महिन्यात चोपडा तालुक्यातल्या कृषी केंद्रात थोडा वेळ उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "गावानं कोणतं वाण नेलं? त्याचीच दोन पाकिटं द्या." हातात घेतलेलं दुसरं पाकीट मुकाट काउंटरवर परत जातं. हा शेतकरी भोळा नसतो. गेल्या साली शेजाऱ्याच्या कपाशीला बोंडं किती होती, हे त्यानं बांधावरून पाहिलेलं असतं. पण आणखी एक हिशेब असतो: सगळ्यांचा कापूस गेला तर कुणी बोलत नाही, वेगळं वाण लावून एकट्याचा गेला, तर पारावर पोळ्यापर्यंत तोच विषय.

या दोन कारणांची फोड व्हायला मानसशास्त्रात वीस वर्षं गेली. १९३५ मध्ये मुझफर शेरीफनं अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा ठिपका दाखवला. ठिपका स्थिर, पण डोळ्यांना हलल्यासारखा दिसतो. किती हलला, याचे एकत्र बसलेल्यांचे अंदाज हळूहळू जवळ येत गेले. खात्री नसली की माणूस दुसऱ्याचं ऐकतो, हे त्यातून दिसलं.

उत्तर स्पष्ट दिसत असेल तर? सॉलोमन आशनं १९५१ पासून तेच तपासलं. तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढंच सांगायचं. बाकीचे आधीच पढवलेले, ठरवून चूक सांगणारे. त्याच्या १९५६ च्या अहवालात १२३ जण होते, आणि अशा फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटामागे गेली. एवढाच आकडा उचलून माणसाला मेंढरू ठरवतात, ते मला मुळीच पटत नाही. उरलेली बहुतेक उत्तरं बरोबर होती, आणि चौथा हिस्सा माणसं एकदाही वाकली नाहीत.

मॉर्टन डॉईच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये दोन्ही कारणं वेगळी मांडली: बरोबर ठरायची गरज आणि गटात राहायची गरज. दुसरीचा पुरावा आशच्याच प्रयोगात सापडतो. उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायचं ठरलं, की चुका खूपच घटत. गटाचं खरंच पटलेलं असतं, तर कागदावरही तेच उतरलं असतं. ग्रामसभेत हात वर करताना आधी आजूबाजूला बघणारा माणूस गुप्त मतदानात निर्धास्त असतो, तसंच हे. खरं बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी दबाव झपाट्यानं उतरे.

१९८० मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा ३९६ पैकी फक्त एका फेरीत माणूस गटामागे गेला. १९९६ मध्ये रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १७ देशांतले १३३ प्रयोग एकत्र तपासले. समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजांत हे प्रमाण जास्त आढळलं.

माझी अडचण एकच आहे. आशच्या खोलीतली माणसं तासाभरानं आपापल्या घरी जात. चोपड्याच्या त्या शेतकऱ्याला मात्र बांधावरच्या त्याच शेजाऱ्याकडून खबर घ्यायची असते, विहिरीची पाळी त्याच्याशीच ठरवायची असते आणि मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायलाही तोच हवा असतो. बरोबर ठरणं आणि गावात राहणं त्याला वेगळं काढता येत नाही. प्रयोगशाळेनं ते वेगळं काढलं.