पोर्ट ऑफ स्पेनचा वीकेंड: व्हिसा लागत नाही, पण परतीचे कागद बघून निघा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना लाँग वीकेंडसाठी त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन तशी जवळ पडते. न्यूयॉर्कहून विमान साधारण पाच तासांत पोचतं आणि भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. एवढं कळलं की लोक तिकीट काढून मोकळे होतात. अडचण येते ती परतताना, म्हणून आधी परतीचंच बघू.

अमेरिकेत परत येताना

एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा) वर असाल तर पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का परतीच्या दिवशी चालू मुदतीत हवा. मुदतवाढ मिळाल्याचं आय-७९७ हातात आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. त्या कागदाने अमेरिकेत राहता येतं, बाहेर जाऊन परत शिरता येत नाही. गोंधळ होतो तो 'ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन' या सवलतीमुळे. शिक्क्याची मुदत संपलेली असली तरी ३० दिवसांपर्यंतच्या छोट्या सहलीहून परत येऊ देणारी ही सवलत आहे. मित्र कॅनडाला जाऊन आला, मग आपणही त्रिनिदादला जाऊन येऊ, असं वाटतं. पण एच-१बीवाल्यांसाठी ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. त्रिनिदादला गेलात तर आधी अमेरिकन वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि तो शनिवार-रविवारात होत नाही.

विद्यार्थ्यांचं मात्र वेगळं आहे. एफ-१ (विद्यार्थी) आणि जे-१ (एक्स्चेंज कार्यक्रम) वाल्यांना हीच सवलत कॅरिबियनमधल्या 'लगतच्या बेटां'साठीही मिळते. त्यात त्रिनिदाद येतं, क्युबाला मात्र ही सवलत नाही. अटी अशा: आय-९४ (अमेरिकेत किती दिवस राहता येतं त्याची नोंद) ची मुदत शिल्लक हवी, आय-२० किंवा डीएस-२०१९ (एफ-१ आणि जे-१ साठीचे पात्रतेचे दाखले) वर प्रवासाची चालू सही हवी आणि बाहेर असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. तरीही शिक्का संपलेला असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय निघू नका, असं मी कळकळीने सांगेन. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला हा नियम माहीत असेलच असं नाही, म्हणून त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

ग्रीन कार्ड असेल तर ते आणि भारतीय पासपोर्ट, एवढं पुरतं. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल आणि तुम्ही एच किंवा एल (कंपनीतल्या बदलीचा) व्हिसावर नसाल, तर अॅडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय देश सोडू नका. सोडलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात जाणार असाल

हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. भारत सरकारच्या यलो फीव्हरच्या (पीतज्वराच्या) यादीत त्रिनिदाद आहे. त्याच देशाचं दुसरं बेट टोबॅगो नाही, फक्त त्रिनिदाद. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, जास्तीत जास्त सहा दिवस. भारतीय पासपोर्ट असो, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असो, नियम एकच. तुम्ही जंगलात गेलात की फक्त शहरात हिंडलात, याने फरक पडत नाही. लग्नाला भारतात जाण्याआधी चार दिवस कॅरिबियन करून येऊ, असा बेत असेल तर ही तारखांची बेरीज कागदावर मांडाच.

लस एकदाच घ्यायची. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. मात्र ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, नाहीतर प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका ग्राह्य धरत नाहीत. मुंबईत विमानतळाच्या आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयात, तसंच जे. जे. रुग्णालयात ती मिळते. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात. आधी वेळ ठरवा आणि मूळ पासपोर्ट न्या, कारण पुस्तिकेवर त्याचा क्रमांक घालतात. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची अॅलर्जी, गरोदरपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आई-बाबांना बरोबर नेणाऱ्यांनी हे विशेष बघावं.

भारतातून निघणाऱ्यांसाठी

थेट विमान नाही, त्यामुळे खरा व्हिसा वाटेतल्या देशाचा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. कॅनडामार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. लंडनमार्गे जाताना तिथलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो; अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर बहुधा सूट मिळते. स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते कुठून जातं ते बघा.

पोर्ट ऑफ स्पेनच्या पियार्को विमानतळावर उतरल्यावर

इमिग्रेशन अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय विचारू शकतात. हॉटेलचं बुकिंग छापून ठेवा. ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असलेली बरी. आणि बॅगेत लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत. तिथे सामान्य माणसाला ते वापरायला कायद्याने बंदी आहे, मुलांची टोपी किंवा पॅंटसुद्धा चालत नाही.

देशात ३० डिसेंबर २०२४ ला आणि पुन्हा १८ जुलै २०२५ ला आणीबाणी जाहीर झाली होती. तेव्हा पोलिसांना विनावॉरंट झडतीचे अधिकार होते. निघायच्या आठवड्यात परिस्थिती तपासा, आणि अंधार पडल्यावर माहितीतल्या टॅक्सीनेच फिरा.

दोन दिवसांत काय बघावं, हा खरं तर वेगळा विषय. पण क्वीन्स पार्क ओव्हलपाशी पाच मिनिटं तरी थांबाच. १९७१ च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते इथे. गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या आणि सुनील गावसकरांनी पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७. गाडी केलीत तर कारापिचैमाचं दत्तात्रेय मंदिर आणि तिथली ८५ फुटी हनुमान मूर्तीही होते.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, मग शहरातच असलेल्या भारतीय उच्चायुक्तालयात जा. तिथे मिळणाऱ्या तातडीच्या दाखल्यावर फक्त भारतात परतता येतं, अमेरिकेत नाही. अमेरिकेत जायला नवा पासपोर्ट आणि नवा शिक्का दोन्ही लागतील. म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा आणि त्याची, व्हिसाच्या पानाची आणि लसीच्या पुस्तिकेची प्रत खिशात.