काशीबाईचा खटला आणि बायकांचे तुरुंग

जोतीराव फुल्यांनी 1884 साली समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरील टिपणावर आपले मत लिहून दिले. त्यात पुण्यातल्या एका खटल्याची हकिकत आहे. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावले आणि तिला दिवस गेले. गर्भ पाडायची औषधे लागू पडली नाहीत. मुलगा झाला तेव्हा अब्रूच्या धाकाने तिने सुरीने त्याचा गळा कापला आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. ते पोलिसांना सापडले, खटला चालला आणि तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवण्यात आले. शास्त्रीबुवा नामानिराळा राहिला.

बाई गुन्हा का करते, याचे इतके उघड उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला होता खरा. पण पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाई. जातीतून वाळीत पडण्याची भीती वेगळीच. पोर जगवावे तर आई जगणार नाही, अशी ती कोंडी होती.

जोतीराव-सावित्रीबाईंनी ही कोंडीच फोडायला घेतली. 1863 साली त्यांनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी जाहीर पत्रके लावली. बाळंतपणे सावित्रीबाई स्वतः बघत. फुल्यांच्या या मतपत्रानुसार तोवर पस्तीस विधवा तिथे आल्या होत्या. गुन्हा घडण्याआधीच केलेले हे पुनर्वसन होते, आणि दीडशेहून अधिक वर्षांनीही आपल्या तुरुंगांना ते जमलेले नाही. पुढे 1875 मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरात असेच गृह उभे केले.

1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. नंतर शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रे समस्त बायकांच्या चालीरीतींवर तुटून पडली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच जाब विचारला.

सरकारी तुरुंगाची गती फार धीमी. 1894 च्या कायद्याने बायकांना पुरुषांपासून वेगळे ठेवायला सांगितले, पण त्यांना माणसांत परत कसे आणायचे याचा विचार त्यात नव्हता. देशातल्या बंद्यांमध्ये बायका जेमतेम चार टक्के, त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्या पुरुषांच्या कारागृहातल्या एखाद्या कोपऱ्यातल्या बराकीत. 1982 साली पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे काहींनी त्यांना सांगितले होते. बायकांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि मोफत वकील हे आदेश त्यातून आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीने 1987 मध्ये महिला बंद्यांवर स्वतंत्र अहवाल दिला. आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहार, पाळणाघर, शिक्षण मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा निकाल यावा लागला.

तुरुंगात शिवणकाम, विणकाम, साक्षरतेचे वर्ग चालतात आणि ते चालायलाच हवेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून सुटकेनंतरही बंद्यांसोबत राहतो. ते काम मला शिलाई मशीनपेक्षा मोलाचे वाटते. कारण पुरुष आत गेला की बायको डबा, कपडे, वकील घेऊन गेटवर उभी असते. बाई आत गेली की भेटायला येणारेही हळूहळू कमी होतात. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना 2023 मध्ये आली. पण न्यायालयाला जामीनदारही लागतो, आणि माहेर-सासर दोन्हींनी पाठ फिरवलेल्या बाईला तोच मिळत नाही.