गाडी किती देते? झाकणाचा हिशोब

लग्नात पंगतीला शेजारी कोण अनोळखी पाहुणा बसला आणि बोलता बोलता गाडीचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला, किती देते? तो दोन वाढवून सांगतो, मी पण दोन वाढवून सांगतो आणि दोघंही खुश होऊन जिलबी घेतो. पण गेल्या वर्षी मी एकदाच ठरवून खरा आकडा काढला. टाकी फुल करायची, पंपाच्या नोझलनं पहिल्यांदा कट मारला की तिथंच थांबायचं (तो पंपावरचा पोरगा राऊंड फिगर करायला अजून थोडं दाबतो, त्याला हात करून थांबवायचं), किलोमीटर लिहायचे आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर परत तसंच. असं चार टाक्या केलं. सातारा ते कोरेगाव रोज जाऊन येऊन चाळीसएक किलोमीटर, उत्तर आलं लिटरला १५.८. कंपनीच्या कागदावर २२ च्या वर लिहिलंय.

कंपनी खोटं बोलते असं नाही बरं का. हा आकडा येतो तो एआरएआयसारख्या संस्थेतल्या टेस्टमधून, ही पुण्यातलीच संस्था, आपल्याकडं बरेच लोक नुसतं अराई म्हणतात. तिथं गाडी रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात पण गाडी जागेवरच, स्पीड कधी वाढवायचा कधी कमी करायचा हे सेकंदासेकंदाला ठरलेलं, ९० च्या वर जायचंच नाही, एसी बंद. तिथं पोवई नाका नाही, गतिरोधक नाही, आडवी येणारी म्हैस नाही. म्हणजे आकडा खरा, फक्त तो रोलरवरचा खरा. दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम, पण आपल्याला तेवढंच मिळणार ही अपेक्षा ठेवली की मग शोरूमवाल्याशी भांडण.

मग माझं बाकीचं पेट्रोल जातं कुठं?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली मोठी वाटणी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून नुसती गरमी होऊन जाते, चाकापर्यंत पोचते ढोबळमानानं पाव हिस्सा, म्हणजे ८ मेगाज्यूल. इंजिनाचं हे गणित आपल्या हातात फारसं नाही. पण ते चाकापर्यंत आलेले ८ आपण कसे उडवतो हे मात्र पूर्ण आपल्या पायात आहे आणि ते मोजायला मी एक माप धरलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण. ते असतं १० मिलीचं. १०० झाकणं म्हणजे एक लिटर, म्हणजे आजच्या भावानं एक झाकण रुपयाच्या थोडं वर.

आता बघा. माझी गाडी माणसांसकट ११०० किलो धरा. ताशी ६० नं पळणाऱ्या गाडीत गतीची जी ऊर्जा साठलेली असते ती येते साधारण १५३ किलोज्यूल. ब्रेक दाबून थांबलो की ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये गरमी होऊन उडाली आणि परत ६० ला यायला ती नव्यानं विकत घ्यावी लागते, एका झाकणातले ८० किलोज्यूल चाकापर्यंत पोचतात, म्हणजे किंमत दोन झाकणं. ४० वरून थांबलो तर एक झाकणाच्या आतच, पण ८० वरून थांबलो तर साडेतीन झाकणं, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, वेग दुप्पट की ऊर्जा चौपट. म्हणजे ब्रेक दाबणं म्हणजे खिडकीतनं हात बाहेर काढून झाकणभर पेट्रोल रस्त्यावर ओतणं, फक्त ते दिसत नाही म्हणून जीव तुटत नाही.

कोरेगाव रोडला सीझनमध्ये काय होतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कारखाने चालू झाले की पुढं दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, स्पीड वीस, मागं आपण. मी काय करायचो, लांबून ट्रॅक्टर दिसला तरी ७० नं त्याच्या ट्रॉलीपर्यंत जायचं, कचकन ब्रेक, मग समोरून एसटी येतेय म्हणून थांबायचं, मग थर्ड गिअर टाकून रेस करून पुढं आणि अर्ध्या किलोमीटरवर दुसरा ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोनेक झाकणं, असे सकाळी सात-आठ ट्रॅक्टर. आता ट्रॉलीच्या मागचा लाल कपडा लांबून दिसला की तिथंच एक्सलेटर सोडतो, गाडी गिअरमध्येच राहू देतो, ती आपोआप हळू हळू उतरत जाते आणि बऱ्याचदा मी ट्रॅक्टरपर्यंत पोचेस्तोवर समोरची एसटी निघून गेलेली असते, मग न थांबता पुढं. मागचे लोक हॉर्न मारतात, मारू देत.

या गिअरमध्ये राहू देण्यावरून आमच्या तात्यांशी माझं चांगलंच वाजलं. तात्या म्हणजे माझे चुलते, आयुष्यभर गाडी चालवलेली. गणपती झाल्यावर आम्ही कासला गेलो होतो, परत येताना यवतेश्वरचा घाट लागला आणि तात्या शेजारी बसून,
“आरं गिअरमधी कशाला उतरवतोयस, फुकट तेल जळतंय. न्यूट्रल मार.”
“तात्या, उलटं आहे ते. गिअरमध्ये काहीच जळत नाही.”
“मला शिकीव आता तू.”
मग मी त्यांना समोरचा डिस्प्ले दाखवला. त्यात त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दिसतं. थर्ड गिअर, पाय एक्सलेटरवरून काढलेला, आकडा ९९.९, म्हणजे त्या बिचाऱ्या डिस्प्लेला याच्या पुढं दाखवताच येत नाही. जरा सरळ आणि मोकळा पट्टा बघून दोन सेकंद न्यूट्रल केलं तर आकडा घसरून साठच्या घरात. परत गिअर टाकला, परत ९९.९. तात्या काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं.

कारण असं आहे. हल्लीच्या इंजिनाला पेट्रोल देतो इंजेक्टर आणि इंजेक्टरला हुकूम देतो कॉम्प्युटर. पाय वर आहे, गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांच्या वर फिरतंय असं दिसलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो, कारण इंजिनला आता उताराची गाडीच चाकातून फिरवतेय. न्यूट्रल केलं की चाकाचा आणि इंजिनचा संबंध तुटला, मग ते बंद पडू नये म्हणून त्याला स्वतःचं पेट्रोल प्यावं लागतं, तासाला अर्धा-पाऊण लिटर, म्हणजे मिनिटाला झाकणभर. पण तात्या पण चुकीचे नव्हते हो, त्यांच्या काळापुरते. त्यांची पहिली गाडी कार्बोरेटरची, तिथं कॉम्प्युटर कुठला, इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी हवा ओढणार आणि हवेबरोबर पेट्रोल ओढलं जाणार, त्यामुळं न्यूट्रलला खरंच थोडं वाचायचं. गाडी बदलली, सवय राहिली.

आणि पेट्रोलचं सोडा, घाटात न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर. मागं एकदा पसरणी घाट उतरताना माझ्या पुढच्या चाकातून जळका वास यायला लागला होता आणि पेडल मऊ पडल्यासारखं झालं, बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलो, त्या दिवसापासून ज्या गिअरमध्ये चढायचं साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. काही महाभाग तर चावीच बंद करून उतरतात, त्यात ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो आणि स्टेअरिंग जड होतं ते वेगळंच. असला वाचवलेला रुपया नको.

घाटाचं अजून एक गमतीचं गणित. सातारा ते कास पंचवीसएक किलोमीटर, उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर. ११०० किलोची गाडी तेवढी नुसती उचलायलाच ५.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे साधारण ६७ झाकणं, रस्त्यावर पळवायचं पेट्रोल वेगळं. म्हणून चढताना अ‍ॅव्हरेज बघूच नये, बीपी वाढतं. पण ही ऊर्जा ब्रेकसारखी लगेच उडत नाही, ती उंचीत ठेव म्हणून राहते आणि येताना परत मिळते, जेवढा ब्रेक कमी तेवढी जास्त परत.

आता हायवे. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर धरा. इथं शत्रू ब्रेक नाही, हवा आहे. गाडीला दोन गोष्टी मागं ओढतात, टायरचं लोळणं आणि हवेचा रेटा. टायरचा रेटा वेग वाढला म्हणून फारसा वाढत नाही, हवेचा मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. माझ्या साइजच्या गाडीला ताशी ८० ला हवा साधारण २०० न्यूटननं मागं ओढते, १०० ला सव्वातीनशे, १२० ला पावणेपाचशेच्या जवळ. टायरचे १३० धरून हिशोब केला तर ८० नं गेल्यावर पुण्यापर्यंत साडेचार लिटरच्या आसपास आणि १०० नं सव्वासहा. हे कागदावरचं गणित आहे, इंजिन वेगवेगळ्या वेगाला थोडं कमीजास्त वागतं, पण दिशा हीच. आणि वाचतात किती मिनिटं, तर सोळा! ती पण कागदावर, कारण टोलनाक्यावर आणि पुढं कात्रजच्या अलीकडं ती सोळा मिनिटं कुठं जातात हे मी सांगायला नको. टपावर रिकामा कॅरिअर ठेवून फिरणाऱ्यांनी पण हेच लक्षात घ्यावं, सामान नसलं तरी हवा त्याच्यावर आपटतेच.

मग एकदम तीस-चाळीसनं गेलं तर अजून जास्त देईल का? नाही. कारण इंजिन चालू ठेवायचा स्वतःचा खर्च असतोच आणि पेट्रोल इंजिनात एक थ्रॉटल नावाची झडप असते, पाय हलका असला की ती जवळजवळ मिटलेली, मग पिस्टनला त्या फटीतून हवा ओढायला झगडावं लागतं. विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह पाल्यानं गच्च झाला की मोटर कशी नुसती घुमते आणि पाणी येतं करंगळीएवढं, तसलाच प्रकार. म्हणून वरचा गिअर कामाचा. त्याच वेगाला गिअर वरचा असला की इंजिन कमी फिरतं, थ्रॉटल जास्त उघडतं, झगडा कमी. मी दोन हजारच्या आसपास गिअर बदलतो. पण खेचाखेच करून चौथ्यात वीसनं न्यायची नाही, इंजिन धडधडायला लागलं की समजायचं आपण कंजूषपणा करतोय. डिझेलला ही थ्रॉटलची अडचण जवळजवळ नाहीच, त्याचं अ‍ॅव्हरेज चांगलं असण्याचं हे एक कारण.

बाकी किरकोळ. हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरवर असेल तेवढी. कमी हवेनं फरक एखाद-दोन टक्केच पडतो, टायर मात्र कडेनं झिजतो. गावात हळू असताना काच खाली, हायवेला काच वर आणि एसी, उन्हात उभी केलेली गाडी आधी दारं उघडून वाफ घालवायची मग एसी. सकाळी पाच मिनिटं गाडी “गरम” करत ठेवू नका, अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिले दोन किलोमीटर सांभाळून. राजवाड्यावर वडापाव आणायला गाडी काढली तर ती थंड इंजिनानंच जाते आणि थंड इंजिनानंच येते, ते अ‍ॅव्हरेज सगळ्यात वाईट, चालत जा की. आणि पेट्रोलच्या पाइपला लावायचं मॅग्नेट, मी ७०० रुपये घालवलेत, त्याचा फ्रिजवर लाइटबिल लावायला उपयोग होतो.

राहिला इथेनॉलचा विषय, जो हल्ली प्रत्येक टपरीवर निघतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, आमच्या भागात तर गंमतच आहे, ज्या ट्रॉलीमागं मी झाकणं घालवतो त्यातलाच ऊस कारखान्यात जाऊन फिरून माझ्याच टाकीत येतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा २१ मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यामुळं २० टक्के मिसळल्यावर लिटरमागं ऊर्जा साधारण ७ टक्क्यांनी कमी होणार, हे साधं गणित आहे, त्यात राजकारण नाही. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनातल्या दाबानं अवेळी न पेटायचा गुण, जास्त असतो, त्यासाठीच बनवलेलं इंजिन त्यातलं थोडं भरून काढतं, माझ्या जुन्या इंजिनाला ते जमत नाही. पण म्हणून अ‍ॅव्हरेज वीसवरून बारावर आलं असं कोण सांगत असेल तर त्यानं आधी एअर फिल्टर बघावा आणि मग स्वतःचा उजवा पाय.

डायरीतल्या शेवटच्या चार टाक्या १८.६ आहेत. त्यातल्या दोन टाक्या कारखाने बंद झाल्यानंतरच्या, रस्त्यावर ट्रॅक्टर नव्हते, त्यामुळं त्यातलं श्रेय पायाचं किती आणि संपलेल्या सीझनचं किती हे आता पुढच्या दिवाळीनंतरच कळेल. तात्यांनी त्यांच्या गाडीची डायरी सुरू केलीय, आकडा विचारला की सांगत नाहीत.