पार्श्वभूमी : उपग्रहांची उड्डाणे पुढे का जातात

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागायतदारांचे एक लक्ष बागेत आणि एक लक्ष मोबाइलवर असते. अरबी समुद्रावर ढग जमू लागले की उपग्रहाने टिपलेला ताजा फोटो व्हॉट्सॲपच्या गटांत फिरू लागतो. पांढरा पट्टा कुठवर सरकला ते पाहून डाउनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी आज उरकायची की पाऊस उघडल्यावर घ्यायची, हे ठरते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी सोसली, त्यांना या फोटोचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हे फोटो येतात ते इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या उपग्रहांकडून. त्यातला ३डीआर ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. ठरलेली वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटांची होती, प्रक्षेपक उडाला ४ वाजून ५० मिनिटांनी. अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक टप्प्यात इंधन भरताना अडचण आली आणि चाळीस मिनिटे थांबावे लागले.

ती चाळीस मिनिटे आज कुणाच्या लक्षातही नाहीत. पण ज्या दिवशी उड्डाण थांबते, त्या दिवशी मात्र ‘पुन्हा पुढे ढकलले’ असा नाराजीचा सूर उमटतो. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा इतिहास नीट वाचला तर चित्र उलटे दिसते. उड्डाण कोणत्या क्षणी आणि कोणत्या कारणासाठी रोखायचे, याचा एकेक नियम मोठी किंमत मोजून मिळाला आहे.

आधी तयारीचा आवाका लक्षात घेऊ. प्रक्षेपक एका कारखान्यात तयार होऊन बाहेर पडत नाही. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला घन इंधनाच्या मोटारींची कवचे घडतात, विक्रोळीला गोदरेजमध्ये ‘विकास’ नावाची द्रव इंधनाची इंजिने आणि क्रायोजेनिक इंजिने जुळवली जातात. एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) म्हटले की आपल्याला ओझर आणि लढाऊ विमाने आठवतात. त्याच कंपनीचा बेंगळुरूचा अवकाश विभाग पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या प्रक्षेपकांच्या टाक्या बनवतो. हे सगळे श्रीहरिकोट्याला पोहोचते, टप्प्यावर टप्पा चढतो, शेवटी उपग्रह बसतो. मग तयारीचा आढावा, त्यानंतर उड्डाणाला परवानगी देणाऱ्या मंडळाची बैठक आणि मग काउंटडाउन. जीएसएलव्हीच्या बाबतीत हे काउंटडाउन एका दिवसाहूनही लांबते. या काळात द्रव इंधने भरली जातात. क्रायोजेनिक टप्प्यातला द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला, तर द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना ठेवावा लागतो. इतक्या थंडीत धातू आकसतो, सील कडक होतात, झडपा अडकतात. कोरड्या तपासणीत निर्दोष ठरलेला सांधा इंधन भरल्यावर गळू शकतो. अनेक उड्डाणे शेवटच्या काही तासांत अडतात ती यामुळे. त्याआधी तो दोष दिसणे अवघड असते.

आता १० ऑगस्ट १९७९. भारताचा पहिला उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-३ श्रीहरिकोट्यात उभा होता आणि प्रकल्पाची सूत्रे एपीजे अब्दुल कलाम यांच्याकडे होती. पुढे अनेक भाषणांत त्यांनी त्या दिवसाची हकीकत सांगितली. संगणकाने उड्डाण रोखले होते. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती असल्याचे दिसत होते. तज्ज्ञांनी साठा पुरेसा आहे असे सांगितले आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाण करण्याचा निर्णय घेतला. पहिला टप्पा उत्तम चालला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रणासाठी लागणारे नायट्रिक आम्ल अडकलेल्या झडपेतून आधीच वाहून गेले होते. यान भरकटले आणि बंगालच्या उपसागरात कोसळले. पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा मात्र त्यांनी कलामांनाच पत्रकारांपुढे पाठवले. धवन यांच्या या मोठेपणाची गोष्ट आपल्याकडे शाळाशाळांत सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. पण संगणकाने ‘थांबा’ म्हटले होते, हा तिचा अर्धा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. माझ्या मते मुलांना तोही सांगितला पाहिजे.

त्या काळात मोठ्या उपग्रहांसाठी आपण परदेशी प्रक्षेपकांवर अवलंबून होतो. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर या अवकाश शटलमधून गेला. फ्लोरिडात वादळी पाऊस असल्याने ते उड्डाण १७ मिनिटे उशिरा झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत दूरदर्शन पोहोचले ते या उपग्रहाच्या जोरावर. त्याचा पुढचा भाऊ इन्सॅट-१सी शटलमधूनच जाणार होता आणि त्याच्यासोबत इस्रोचा एक शास्त्रज्ञही. पण २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. ते उड्डाण आधी अनेकदा पुढे गेले होते. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. इतक्या थंडीत रबरी सील दगा देतील, असे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री बजावले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. इन्सॅट-१सी अखेर जुलै १९८८मध्ये युरोपच्या एरियन प्रक्षेपकाने गेला, शास्त्रज्ञाशिवाय. इन्सॅट-१डीची तऱ्हा आणखी निराळी. १९८९मध्ये अमेरिकेत उड्डाणाची तयारी चालू असताना क्रेनचा हूक पडून त्याला इजा झाली. दुरुस्तीनंतर जून १९९० उजाडला.

पण थांबण्याचा सगळ्यात थरारक प्रसंग घडला श्रीहरिकोट्यात, २८ मार्च २००१ रोजी. जीएसएलव्हीचे हे पहिलेच उड्डाण. या प्रक्षेपकाच्या तळाशी मध्यभागी घन इंधनाची मोठी मोटार असते आणि तिच्याभोवती द्रव इंधनाचे चार बूस्टर. घन मोटार एकदा पेटली की विझवता येत नाही. म्हणून आधी चारही द्रव इंजिने पेटवायची, ती पुरेसा जोर देतात की नाही हे संगणकाने पारखायचे आणि साधारण पावणेपाच सेकंदांनी मधल्या मोटारीला आग द्यायची, असा क्रम ठेवला आहे. त्या दिवशी इंजिने पेटली, धूर उसळला, ज्वाळा दिसल्या आणि यान जागचे हलले नाही. चारपैकी एका बूस्टरचा जोर कमी पडत असल्याचे संगणकाने ओळखले आणि शेवटच्या सेकंदाला सगळे बंद केले. शेकडो टन इंधनाने भरलेला प्रक्षेपक पॅडवर उभा आणि त्याच्या अंगाला ज्वाळा, असे ते दृश्य होते. आग विझली, यान वाचले, पॅडही वाचला. दोष शोधून, दुरुस्ती करून तेच यान २१ दिवसांनी, १८ एप्रिलला उडाले. क्रायोजेनिक टप्प्याची कामगिरी थोडी कमी पडल्याने जीसॅट-१ हा उपग्रह हवा त्या कक्षेत पोहोचू शकला नाही, हेही नोंदवायला हवे. तरीही १९७९मध्ये माणसाने बाजूला सारलेल्या संगणकाकडे २००१मध्ये शेवटचा शब्द होता, हा बदल मला त्या उपग्रहापेक्षा मोठा वाटतो.

जीएसएलव्हीची परीक्षा तिथे संपली नाही. एप्रिल २०१०मध्ये स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचा पहिला प्रयत्न फसला. त्याच वर्षी डिसेंबरच्या उड्डाणाआधी रशियन क्रायोजेनिक टप्प्याच्या एका झडपेत गळती आढळली, तारीख २० वरून २५ डिसेंबरवर गेली, आणि ते उड्डाणही अयशस्वी झाले. पाठोपाठ दोन अपयशे पचवून १९ ऑगस्ट २०१३ला स्वदेशी इंजिन पुन्हा सज्ज झाले, तर उड्डाणाला ७४ मिनिटे उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळू लागले. हे इंधन विषारी आणि ज्वालाग्राही. काउंटडाउन थांबवले गेले. प्रक्षेपक रिकामा करून जुळवणीच्या इमारतीत परत नेला आणि सुटा केला. दुसऱ्या टप्प्याची टाकी ज्या मिश्रधातूची होती, त्याला ताणाखाली तडे जाण्याचा धोका असतो. नवी टाकी दुसऱ्या, अधिक भरवशाच्या मिश्रधातूची घेतली. साडेचार महिने गेले. ५ जानेवारी २०१४ रोजी जीसॅट-१४ कक्षेत पोहोचला आणि स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन पहिल्यांदा यशस्वी झाले. इन्सॅट-३डीआर आणि पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये ३डीएस ज्या प्रक्षेपकाने गेले, तो हाच.

प्रत्येक विलंब बिघाडामुळेच होतो असेही नाही. मंगळयान २८ ऑक्टोबर २०१३ला जायचे होते. श्रीहरिकोट्यात सारे ठीक होते; अडचण होती हजारो किलोमीटर दूर प्रशांत महासागरात. यानाचा माग घेण्यासाठी नेमलेली नालंदा आणि यमुना ही जहाजे खराब हवामानामुळे वेळेत जागेवर पोहोचू शकत नव्हती. मंगळाकडे निघण्याची मुदत १९ नोव्हेंबरपर्यंत असल्याने आठवडाभर थांबणे परवडले आणि ५ नोव्हेंबरला यान निघाले. कधी कारण थेट अवकाशातच असते. ३० डिसेंबर २०२४ला दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडण्याच्या स्पेडेक्स मोहिमेचे उड्डाण रात्री ९ वाजून ५८ मिनिटांवरून १० वाजता नेले गेले, कारण आधीपासून फिरणारे उपग्रह वाटेत जवळ येत होते. दोन मिनिटांत वाट मोकळी झाली. बंगालच्या उपसागरातली ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चक्रीवादळे ही तर नित्याची धास्ती. नाशिकहून श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीत उड्डाण पाहायला जायचे असेल, तर परतीचे तिकीट त्याच रात्रीचे काढू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चांद्रयान-२ची रात्र अनेकांना आठवत असेल. १५ जुलै २०१९, पहाटे २ वाजून ५१ मिनिटांची वेळ. राष्ट्रपती रामनाथ कोविंद श्रीहरिकोट्यात हजर, इकडे घरोघरी लोक टीव्हीसमोर जागे. ५६ मिनिटे २४ सेकंद बाकी असताना घड्याळ थांबले. एवढ्या मान्यवरांसमोर थांबवण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. २२ जुलैला यान गेले आणि पृथ्वीभोवतीच्या फेऱ्यांचे गणित बदलून हुकलेला आठवडा भरूनही काढला गेला. एक तक्रार मात्र आहे. ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांवर लोकांची बोळवण केली जाते. मार्च २०२०मध्ये पृथ्वीचे फोटो टिपणाऱ्या जायसॅट-१ उपग्रहाचे उड्डाण आदल्या दिवशी रद्द झाले तेव्हाही ‘तांत्रिक कारणे’ एवढेच सांगितले गेले. करांच्या पैशातून चालणाऱ्या आणि लोकांच्या इतक्या प्रेमाच्या संस्थेने कोणती झडप, कोणती टाकी, हे सोप्या भाषेत सांगायला हवे. लोकांना ते समजते.

त्याच जायसॅटची पुढची कहाणी थांबण्याची मर्यादाही दाखवते. करोना आला, २०२१च्या मार्चमधली तारीखही टळली आणि १२ ऑगस्ट २०२१ला उड्डाण झाले. क्रायोजेनिक इंजिन पेटलेच नाही. झडपेच्या गळतीमुळे हायड्रोजनच्या टाकीतला दाब उतरला होता. दीड वर्ष थांबूनही दोष निसटला. १८ मे २०२५ला एरवी भरवशाच्या पीएसएलव्हीचा तिसरा टप्पाही असाच दगा देऊन गेला.

उलट निसारच्या बाबतीत थांबणे फळाला आले. भारत आणि अमेरिकेने मिळून बनवलेल्या या रडार उपग्रहाचा १२ मीटर व्यासाचा अँटेना घडी घातलेल्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा जास्त तापेल, असे २०२४च्या सुरुवातीला लक्षात आले. अँटेना पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवून त्यावर खास लेप चढवला गेला. वर्षाहून अधिक काळ गेला आणि ३० जुलै २०२५ला उपग्रह जीएसएलव्हीने कक्षेत पोहोचला. दर बारा दिवसांनी तो तीच जमीन पुन्हा पाहतो आणि जमिनीच्या पृष्ठभागातली सेंटीमीटरभर हालचालही टिपू शकतो.

आता यानात माणूस बसणार आहे, त्यामुळे थांबण्याचे निकष आणखी कडक झाले आहेत. गगनयानचे मूळ उद्दिष्ट २०२२चे होते. त्यातल्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ला सकाळी ८ वाजता ठरली, हवामानामुळे पाऊण तास सरकली, मग पाच सेकंद उरले असताना संगणकाने रोखली आणि अखेर दहा वाजता यशस्वी झाली. २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या शुभांशू शुक्ला यांच्या ॲक्सिअम-४ मोहिमेची तारीख २९ मेपासून सरकत राहिली. जूनमध्ये फाल्कन-९ या अमेरिकी प्रक्षेपकात द्रव ऑक्सिजनची गळती आढळली, तेव्हा दुरुस्ती करून थंड तापमानात पुन्हा गळती-चाचणी घ्यावी, असा आग्रह इस्रोच्या पथकाने धरला. पाठोपाठ अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीनेही वेळ खाल्ला. २५ जूनला भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने यान निघाले. १९८६मध्ये शटलमधून माणूस पाठवण्याची इस्रोची संधी हुकली होती. इस्रोनेच निवडलेला अंतराळवीर २६ जून २०२५ला स्थानकात पोहोचला आणि १५ जुलैला सुखरूप परतला.